काब्रेरा की ट्राउट? बेसबॉलच्या एमव्हीपीचं भांडण नेमकं कशावरून

२०१२च्या मोसमात डेट्रॉइट टायगर्सच्या मिगेल काब्रेराने अमेरिकन लीगच्या तीन याद्यांत पहिला नंबर काढला. बॅटिंग सरासरी ०.३३०, होम रन (थेट कुंपणापलीकडे मारलेले फटके) ४४, आरबीआय (त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावा) १३९. एकाच वर्षी या तिन्हींत अव्वल येणं म्हणजे ट्रिपल क्राउन. त्याआधी तो मिळाला होता बॉस्टनच्या कार्ल यास्ट्रेम्स्कीला, १९६७ साली. मधली ४५ वर्षं कोरडी गेली होती. आता एवढं केल्यावर त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, कोण यावर डोकं खपवायचं कारणच उरत नाही, असं कुणालाही वाटेल.

पण वाद झाला, आणि चांगलाच पेटला. कारण त्याच वर्षी, त्याच लीगमध्ये एंजल्स संघाकडून माइक ट्राउट नावाचा पोरगा खेळत होता. मोसम सुरू झाला तेव्हा वय वीस. सरासरी ०.३२६, होम रन ३०, आरबीआय ८३. तिन्ही आकडे काब्रेरापेक्षा कमी. तरीही आकडेमोड करणारी मंडळी छातीठोकपणे सांगत होती की लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू हाच, आणि तोही थोडाथोडका नाही, बऱ्याच फरकाने.

माझंही मत तेच आहे. पण ते पटवायचं तर आधी हा पुरस्कार देतं कोण आणि कसा, हे बघावं लागेल.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो आणि प्रत्येक लीगचा एमव्हीपी वेगळा असतो. निवड करतात बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार. त्यांची संघटना १९३१पासून हे काम करते आहे. लीगमध्ये जितके संघ, तितक्या शहरांतून दोन-दोन पत्रकार. २०१२ मध्ये अमेरिकन लीगमध्ये १४ संघ होते, म्हणून मतदार २८. आता दोन्ही लीगमध्ये १५-१५ संघ असल्यामुळे ३०. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, आणि तिथून एकेक कमी होत दहाव्याला १. मतं द्यायची ती १६२ सामने संपल्यावर लगेच, प्लेऑफ, म्हणजे पुढे गेलेल्या संघांची बाद फेरी, सुरू होण्याआधी. त्यामुळे पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत, कुणी काय दिवे लावले याचा या निवडीशी काही संबंध नसतो.

२०१२चा हिशेब मांडून बघू. काब्रेराला २८ पैकी २२ जणांनी पहिलं ठेवलं, म्हणजे ३०८ गुण. उरलेल्या सहा जणांनी दुसरं, म्हणजे ५४. एकूण ३६२. ट्राउटला पहिल्या क्रमांकाची सहा मतं, म्हणजे ८४. दुसऱ्या क्रमांकाची २१, म्हणजे १८९. आणि एका मतदाराने त्याला चक्क तिसरं ठेवलं, त्याचे ८. एकूण २८१. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात पाच गुणांचा फरक मुद्दाम ठेवलाय. बाकी कुठल्याही लागोपाठच्या दोन क्रमांकांमध्ये एकाचाच असतो. पहिलं नाव लिहिताना मतदाराचा हात थोडा थबकावा, हा त्यामागचा हेतू.

आता मतदाराच्या हातात जो कागद येतो त्यावर काय सूचना असतात? गंमत इथेच आहे. ‘मोस्ट व्हॅल्युएबल’ची पक्की व्याख्या नाही, ज्याने त्याने ठरवावं, असं त्यात सरळ लिहिलेलं असतं. पुढे काही निकष दिलेत, आणि ते १९३१पासून जसेच्या तसे आहेत: खेळाडूचं संघासाठी प्रत्यक्ष मोल, म्हणजे बॅटिंग आणि फिल्डिंग दोन्हींची ताकद, किती सामने खेळला, आणि स्वभाव, निष्ठा, मेहनत वगैरे. (निष्ठा कशी मोजायची, हे गेल्या नव्वद वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.) आणखी एक वाक्य आहे, जे वादाच्या भरात लोक सोयीस्करपणे विसरतात: विजेता प्लेऑफमध्ये पोचलेल्या संघातलाच असला पाहिजे, असं काही नाही.

एवढी मोकळीक दिल्यावर भांडणं होणारच.

काब्रेराच्या त्या तीन आकड्यांकडे जरा जवळून बघू. बॅटिंग सरासरी आपल्या क्रिकेटच्या सरासरीसारखी नसते. क्रिकेटमध्ये धावा भागिले बाद. इथे हिट (फटका मारून सुखरूप बेसवर पोचणं) भागिले ‘ॲट-बॅट’ (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या). बेस म्हणजे धाव पूर्ण करायच्या वाटेवरचे टप्पे. ०.३३० म्हणजे शंभर ॲट-बॅटमध्ये ३३ वेळा हिट. पण यात एकेरी हिट आणि होम रन यांना एकच भाव मिळतो. शिवाय पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. तो या सरासरीत धरतच नाहीत. संघाच्या दृष्टीने बेसवर माणूस पोचला हे महत्त्वाचं. तो कसा पोचला याच्याशी पुढच्या बॅटरला फारसं देणंघेणं नसतं.

आरबीआयची गोष्ट याहून विचित्र. तुमच्या फटक्यामुळे जितके खेळाडू बेस फिरून होम प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, परतले, तितके तुमचे आरबीआय. म्हणजे हा आकडा मोठा व्हायचा तर तुमच्या आधी खेळलेल्यांनी बेसवर जाऊन उभं राहायला हवं. काब्रेरा टायगर्सच्या क्रमात तिसरा यायचा. ट्राउट एंजल्सकडून सलामीला. सामन्याची सुरुवात त्याच्यापासून, म्हणजे पहिल्या वेळी बेस हमखास रिकामे. नंतर त्याची पाळी यायची तेव्हाही त्याच्या आधी खेळून गेलेले असायचे तळाचे, कच्चे बॅटर. अशा जागेवरून ८३ आरबीआय काढणं आणि तिसऱ्या जागेवरून १३९ काढणं यांची सरळ तुलना करता येत नाही. उलट सलामीवाल्याचं काम असतं स्वतः घरी पोचण्याचं, आणि त्यात ट्राउट लीगमध्ये पहिला होता: १२९ धावा.

आता ट्रिपल क्राउन. तो तुमच्या एकट्याच्या हातात नसतो. काब्रेराचे होम रन ४४. टेक्सासच्या जॉश हॅमिल्टनचे ४३, यांकीजच्या कर्टिस ग्रँडरसनचेही ४३. यातल्या एकाचे दोन फटके कुंपणापलीकडे गेले असते तर ट्रिपल क्राउन हुकला असता. आणि काब्रेराच्या खेळात मात्र तसूभरही फरक पडला नसता. तेवढेच होम रन, तेवढेच हिट, टायगर्सचे विजयही तेवढेच. दुसऱ्या शहरात दुसऱ्या कुणी मारलेल्या फटक्यांवर ज्या मानाचा निकाल लागतो, तो मान कौतुकाचा खराच. पण संघासाठी मोल किती, याचा तो पुरावा कसा होईल?

याचा अर्थ काब्रेराने कमी बॅटिंग केली असा नाही. दोघांची नुसती बॅटिंग बघितली तर फरक जवळजवळ नाहीच. काब्रेराच्या फटक्यांत ताकद जास्त. बेसवर पोचण्याचं प्रमाण ट्राउटचं किंचित जास्त. शिवाय एंजल्सचं मैदान बॅटरला जड, हे धरून आकडे सारखे केले की ट्राउट काठावर पुढे जातो. खरा फरक पडतो तो बॅट खाली ठेवल्यानंतर.

एका आकड्याकडे कुणी फारसं बघत नाही. काब्रेरा त्या मोसमात २८ वेळा डबल प्लेमध्ये सापडला, लीगमध्ये सर्वांत जास्त. डबल प्ले म्हणजे तुम्ही जमिनीवरून मारलेल्या एका फटक्यावर तुम्ही आणि आधीच बेसवर असलेला तुमचा गडी, दोघंही बाद. नऊ इनिंगमध्ये संघाला मिळतात २७ आउट; ते संपले की खेळ खल्लास. त्यातला एक जादाचा आउट २८ वेळा दिला गेला. ट्राउटच्या बाबतीत हे सात वेळा झालं. आता ट्राउटचे पाय बघा: ४९ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला, आणि चोरताना पकडला गेला फक्त पाच वेळा. काब्रेराने चोरले चार.

मग फिल्डिंग. २७ जूनला बाल्टिमोरच्या कॅमडन यार्ड्सवर पहिल्याच इनिंगमध्ये ओरिओल्सच्या जे. जे. हार्डीने सेंटर फिल्डच्या दिशेने चेंडू उचलला. चेंडू कुंपणापलीकडे जाणार हे दिसतच होतं. ट्राउट पाठमोरा पळत सुटला, कुंपणाशी पोचला आणि उडी मारून ग्लव्ह पलीकडे नेला. उडी अशी की त्याची कंबर कुंपणाच्या वरच्या कडेपर्यंत गेल्यासारखी दिसते. चेंडू ग्लव्हमध्ये. ट्राउटच्या खात्यात या झेलाचा ना होम रन, ना आरबीआय. पण ओरिओल्सची एक धाव गेली, म्हणजे एंजल्सची एक धाव वाचली. धाव काढली काय नि वाचवली काय, धावफलकाला दोन्ही सारखंच. तो झेल व्हिडिओवर जरूर बघा.

काब्रेराच्या बाजूने एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या वर्षी टायगर्सनी प्रिन्स फिल्डरला घेतलं आणि त्याला फिल्डिंगला पहिला बेस देण्यासाठी काब्रेरा मुकाट्याने तिसऱ्या बेसवर गेला. अवघड जागा, आणि अंग तसं भारी. त्याने कुरकुर केली नाही. मघाच्या त्या निष्ठेच्या निकषाला कुठे गुण द्यायचेच असतील तर ते इथे द्यावेत. पण तिसऱ्या बेसवर तो सेंटर फिल्डमधल्या ट्राउटइतक्या धावा वाचवत होता, असं त्याच्या कट्टर चाहत्यानेही म्हटलं नसतं.

हे सगळं, म्हणजे फटके, वॉक, चोरलेले बेस, वाचवलेल्या धावा, डबल प्ले, एकाच मापात आणायचं कसं? त्यासाठी जो आकडा वापरतात त्याला ‘वॉर’ (विन्स अबव्ह रिप्लेसमेंट) म्हणतात. नाव लढाईचं असलं तरी कल्पना साधी आहे. समजा हा खेळाडू उद्या सकाळी नाहीसा झाला. त्याच्या जागी संघ कुणाला उभं करेल? लीगमधल्या सरासरी खेळाडूला नाही; तसे खेळाडू रिकामे बसलेले नसतात. खालच्या मायनर लीगमधून, किंवा दुसऱ्या संघाने सोडून दिलेल्यांमधून, किमान पगारावर मिळेल तो गडी येईल. त्या बदली गड्याच्या तुलनेत आपल्या खेळाडूमुळे संघाला किती विजय जास्त मिळाले, ते वॉर सांगतं.

रीत अशी: खेळाडूने केलेली प्रत्येक गोष्ट धावांमध्ये बदलायची. होम रनच्या सरासरी इतक्या धावा, वॉकच्या इतक्या, बेस चोरताना पकडलं गेल्याच्या उणे इतक्या. हे दर कुणाच्या मनातले नसतात, हजारो सामन्यांच्या नोंदींवरून काढलेले असतात. मैदान बॅटरला सोपं की अवघड, ते वजा-अधिक करायचं. कुठल्या जागेवर फिल्डिंग करतो तेही धरायचं: कॅचर आणि शॉर्टस्टॉप या जागा कठीण, त्यांना वाढीव धावा, पहिला बेस सोपा, तिथे कपात, आणि जो फिल्डिंगला उतरतच नाही, फक्त बॅटिंग करतो, त्या डेझिग्नेटेड हिटरला सर्वांत जास्त कपात. मग ढोबळ हिशेबाने दहा धावांचा एक विजय.

बेसबॉल-रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन संकेतस्थळांचे वॉर काढण्याचे हिशेब थोडे वेगवेगळे आहेत. पण २०१२साठी दोन्हींचं उत्तर एकच: ट्राउट दहाच्या वर, काब्रेरा सातच्या आसपास. तीन विजयांचा फरक. आणि ट्राउट तर एप्रिल संपत आल्यावर, २८ तारखेला मायनर लीगमधून वर आला. काब्रेराच्या १६१ सामन्यांसमोर त्याचे १३९. वॉर ही बेरीज आहे, सरासरी नव्हे. कमी सामने खेळल्याचा तोटा त्यात आपोआप येतो. तो सोसूनही ट्राउट पुढे होता.

काब्रेराच्या बाजूचा सर्वांत दमदार युक्तिवाद होता प्लेऑफचा. टायगर्स सप्टेंबरात शिकागो व्हाइट सॉक्सला मागे टाकून आपल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटात, पहिले आले, काब्रेरा तेव्हा आग ओकत होता. एंजल्स घरी बसले. ज्याच्यामुळे संघ पुढे गेला त्याचं मोल जास्त, असा हा मुद्दा. कानाला पटतो. पण आकडे बघा: टायगर्सचे विजय ८८, एंजल्सचे ८९. एंजल्स जास्त सामने जिंकूनही बाहेर राहिले, कारण त्यांच्या डिव्हिजनमध्ये ओकलंड आणि टेक्सास त्यांच्याही पुढे होते. शेजारी तगडे आहेत, ही ट्राउटची चूक? आणि संघावर झालेला परिणामच बघायचा तर हे घ्या: ट्राउट येण्याआधी एंजल्स ६ विजय, १४ पराभव असे रखडत होते, तो आल्यावर ८३ विजय, ५९ पराभव. हे सगळं एकट्याने घडवलं असं मी म्हणणार नाही. पण ‘संघाला पुढे नेलं’ हा निकष लावायचाच असेल, तर तोही ट्राउटच्या विरोधात जात नाही.

पत्रकार तेव्हा असे का वागले, याला जुनी सवय कारणीभूत आहे. बेसबॉलमध्ये मोठा मान म्हणजे मोठा आकडा, हे समीकरण एमव्हीपीच्या आधीपासूनचं. १९१०मध्ये चाल्मर्स या मोटार कंपनीने जाहीर केलं की सर्वाधिक बॅटिंग सरासरी असणाऱ्याला गाडी बक्षीस. डेट्रॉइटचा टाय कॉब आघाडीवर होता. क्लीव्हलंडचा नॅप लाजोई मागे. कॉब कुणालाच आवडत नसे. शेवटच्या दिवशी सेंट लुईसच्या मॅनेजरने आपल्या तिसऱ्या बेसवाल्याला इतकं मागे उभं केलं की लाजोईने नुसता चेंडू टेकवून पुढे ठेवावा आणि पळत पहिला बेस गाठावा. दोन सामन्यांत त्याला आठ हिट मिळाल्या, बहुतेक अशाच. बोभाटा झाला, मॅनेजरची नोकरी गेली, कंपनीने दोघांनाही गाडी देऊन हात झटकले. आणि पुढच्या वर्षी ठरवलं की नुसत्या सरासरीवर नको, पत्रकारांनी मतं देऊन संघाला सर्वांत उपयोगी पडलेला खेळाडू निवडावा. ते बक्षीस १९१४पर्यंत चाललं. एमव्हीपीचं मूळ ते.

म्हणजे आकड्यांच्या आंधळेपणावर उतारा म्हणून पत्रकार आले. पण माणसं आली की रागलोभही येतात. १९४७मध्ये बॉस्टनच्या टेड विल्यम्सने ट्रिपल क्राउन मिळवला आणि एमव्हीपी झाला यांकीजचा जो डिमाजिओ, २०२ विरुद्ध २०१, एका गुणाने! विल्यम्सचं पत्रकारांशी हाडवैर होतं आणि यांकीज लीग जिंकले होते. १९९९ मध्ये बॉस्टनचाच पिचर पेद्रो मार्टिनेझ. पहिल्या क्रमांकाची सर्वाधिक मतं त्याला, आठ. तरीही हरला, कारण दोन मतदारांनी त्याचं नाव दहांतसुद्धा घातलं नाही. पिचरसाठी साय यंग पुरस्कार वेगळा आहे, मग इथे कशाला, असं मानणारे बरेच असतात. नियमात मात्र पिचर पात्र असल्याचं लिहिलेलं आहे.

२०१२नंतर वारं बदललं, पण सावकाश. पुढच्या वर्षीही काब्रेरानेच ट्राउटला हरवलं. पण २०१६ मध्ये एंजल्स ७४ विजय आणि ८८ पराभव अशा अवस्थेत असताना ट्राउट एमव्हीपी झाला. २०२४ मध्ये तर शोहेई ओहतानीने, कोपराला झालेल्या शस्त्रक्रियेमुळे पिचिंग बंद असताना, फक्त बॅटिंग करून नॅशनल लीगचा एमव्हीपी पटकावला, तोही एकमताने. ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस. फिल्डिंग अजिबात न करणाऱ्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

मग आता वॉरची यादी उघडायची आणि पहिल्याला चषक द्यायचा, असं करावं का? नाही. फिल्डिंगचं एका वर्षाचं मोजमाप अजून डळमळीत आहे. तीन विजयांचा फरक असेल तर मापातली चूक धरूनही निकाल बदलत नाही, म्हणून २०१२बद्दल मी ठाम आहे. एका विजयाचा फरक असेल तर तो फरक आहे असं धरूच नये.

याचं ताजं उदाहरण २०२५ची अमेरिकन लीग. यांकीजचा ॲरन जज: सरासरी ०.३३१, लीगमध्ये पहिला, आणि ५३ होम रन. समोर सिॲटल मरिनर्सचा कॅल रॉली: सरासरी फक्त ०.२४७, पण होम रन ६०, आणि हे सगळं कॅचर असताना. कॅचर म्हणजे चिलखत घालून रोज तासन् तास उकिडवं बसायचं, प्रत्येक चेंडू कसा टाकायचा ते पिचरशी ठरवायचं, आणि काठावरचा चेंडू असा अलगद झेलायचा की अंपायरला तो आतलाच वाटावा. याआधी कुठल्याही कॅचरने एका मोसमात ४८च्या वर होम रन मारले नव्हते. ३० पैकी १७ मतं जजला, १३ रॉलीला. गुण ३५५ आणि ३३५.

वॉर दोन्हीकडे जजचंच जास्त होतं. फॅनग्राफ्सवर फरक साधारण एका विजयाचा, बेसबॉल-रेफरन्सवर दोनाहून अधिक. दोघांचे आकडे इतके वेगळे का, तर तो काठावरचा चेंडू अलगद झेलण्याचं कसब फॅनग्राफ्स धरतं, बेसबॉल-रेफरन्स धरत नाही. आणि पिचरला सांभाळून घेण्याचं कॅचरचं काम तर दोन्हींत नीट बसत नाही. ज्याच्या कामाचा मोठा भाग मोजलाच जात नाही, तो मोजलेल्या भागात फक्त एका विजयाने मागे असेल, तर मी त्याला पुढे धरेन. माझं मत रॉलीला गेलं असतं. जजला दिलं त्यांच्याशी मात्र मी भांडणार नाही. २०१२च्या त्या २२ जणांशी अजून भांडतो.